दोन सिस्टिम हव्यात? मग डिस्कही दोनच लावा!



मागच्या व्हिडिओत आपण दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरचं काय करायचं, हा विषय घेतला होता. त्यात बोलता बोलता मी एक वाक्य टाकून पुढे गेलो. "एकाच कॉम्प्युटरवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवा, पण एकाच डिस्कवर ठेवू नका." का ठेवू नका, ते सांगायचं राहूनच गेलं. व्हिडिओत वेळ कमी असतो. आज इथं निवांत सांगतो.

आणि हो, यात माझी स्वतःची एक मोठी चूक आहे. ती मी आजवर कॅमेऱ्यासमोर कधी सांगितली नाही. लिहायला त्यातल्या त्यात सोपं जातं.

हा प्रश्न आत्ताच का आला?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. म्हणजे कॉम्प्युटर बंद पडला का? नाही. तो चालतोच आहे. पण सुरक्षेचे नवे अपडेट आपोआप यायचे थांबले. घरगुती वापरकर्त्यांसाठी एक वर्षाची वाढीव सोय आहे, तीही नोंदणी केली तरच, आणि तीसुद्धा १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत.

मग विंडोज ११ टाकावं, तर त्याच्या अटी आहेत. टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय हवी, सिक्युअर बूट चालायला हवं आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा हवा. २०१८ च्या आधी घेतलेले बहुतेक कॉम्प्युटर या अटीत बसत नाहीत. आता तुम्ही मला सांगा, आपल्या किती दुकानदारांकडे २०१८ नंतरचा कॉम्प्युटर आहे? काउंटरवरचा डबा जोवर धूर काढत नाही, तोवर आपण तो बदलत नाही. आणि त्यात काही चूक आहे असं मी म्हणणार नाही. धंद्यात प्रत्येक रुपया माल भरायला लागतो.

तर अशा वेळी तीन रस्ते उरतात. एक, काही झालंच नाही असं समजून चालू ठेवायचं. दोन, नवा कॉम्प्युटर घ्यायचा. तीन, जुन्या कॉम्प्युटरमध्ये एक वेगळी एसएसडी बसवायची, तिच्यावर लिनक्स टाकायचं, इंटरनेटची सगळी कामं तिकडून करायची आणि विंडोज फक्त टॅलीसारख्या कामापुरतं ठेवायचं. परवडत असेल तर दुसरा रस्ता चांगला. पण परवडत नसेल, तर पहिल्यापेक्षा तिसरा शंभर पटीनं बरा, असं माझं स्पष्ट मत आहे.

फक्त तो तिसरा रस्ता अर्धवट करू नका. अर्धवट केला की काय होतं, ते ऐका.

दाजींच्या दुकानातली ती रात्र

२०१८ सालची गोष्ट. आमच्या ताईचे मिस्टर, म्हणजे आमचे दाजी, सोलापूर जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी हार्डवेअरचं दुकान चालवतात. खिळे, पत्रे, पाइप, रंग, सिमेंट. गावाकडचा धंदा म्हणजे उधारीचा धंदा. ऊस कारखान्याला गेला की पैसे, कांदा विकला की पैसे. कुणाकडे किती येणं आहे, हे दाजी आधी लाल वहीत लिहायचे. जीएसटी आल्यावर मीच त्यांच्या मागं लागून टॅली बसवायला लावली. वही बंद केली. "आता सगळं कॉम्प्युटरवर" असं मोठ्या तोऱ्यात सांगितलं.

वर्षभरात कॉम्प्युटर रडायला लागला. दाजींचा फोन आला. मी उत्साहात पेन ड्राइव्ह खिशात टाकून गेलो. तारीख होती १७. रात्री शटर ओढल्यावर बसलो. एकच ५०० जीबीची हार्ड डिस्क, तिच्यात सी, डी आणि ई असे तीन भाग. सीमध्ये विंडोज. डीमध्ये टॅलीचा डेटा, आणि त्याच डीमध्ये "बॅकअप" नावाचं फोल्डर. ई रिकामा. मी ठरवलं, ईच्या जागी लिनक्स टाकू. बॅकअप आहेच, काळजी कसली?

लिनक्स बसवताना पडद्यावर सी, डी, ई अशी नावं दिसत नाहीत. एसडीए १, एसडीए ५, एसडीए ६ अशी दिसतात. डी आणि ई दोन्ही सारख्याच, २०० जीबीच्या आसपास. रात्रीचा दीड वाजलेला. ताईनं दुसऱ्यांदा चहा आणून ठेवलेला. मी एक भाग निवडला, पुसला आणि पुढे गेलो. पंधरा मिनिटांत लिनक्स झकास सुरू झालं. मी खूश. मग विंडोज उघडलं, टॅली उघडली आणि पोटात गोळा आला. कंपनीच दिसेना. मी ई समजून डी पुसला होता.

नंतर डेटा परत काढायचे सगळे उपाय केले. पण त्याच जागेवर नवी सिस्टिम लिहिली गेली होती. काही फायली निघाल्या, त्या उघडल्या नाहीत.

२० तारखेला ३बी भरायचा होता. तो २९ ला भरला. नऊ दिवसांचा उशीर, दिवसाला ५० रुपये, म्हणजे ४५० रुपये लेट फी, वर कराच्या रकमेवर व्याज. हे काही फार नाही. विकत घेतलेल्या मालाचा हिशेब पोर्टलवरून आणि व्यापाऱ्यांकडून मिळाला. खरा फटका बसला तो उधारीला. कुणाकडे किती बाकी, याचा एकही कागद नव्हता. वही तर मीच बंद करायला लावली होती ना!

मी दाजींसमोर मान खाली घालून बसलो होतो. ते एवढंच म्हणाले, "जाऊ द्या पाहुणं, माणसं आहेत ना, सांगतील." काहींनी सांगितलंही. एक म्हातारे शेतकरी स्वतःच्या खिशातली चुरगळलेली वही घेऊन आले आणि आकडा दाखवून पैसे देऊन गेले. काहींनी मात्र "आम्ही तर दिवाळीतच मिटवलं की" म्हटलं. त्यांच्याशी वाद घालायला दाजींकडे काहीच नव्हतं. नेमके किती रुपये बुडाले, ते दाजींनी मला आजपर्यंत सांगितलेलं नाही.

चूक कुणाची? लिनक्सची नाही, विंडोजची नाही, टॅलीची तर अजिबात नाही. चूक माझी. पण त्यानंतर मी एक गोष्ट शिकलो आणि तेच आजच्या लेखाचं सार आहे. *काळजी घेईन असं म्हणून काम सुरक्षित होत नाही. चूक करताच येणार नाही अशी मांडणी केली, तरच ते सुरक्षित होतं.* त्या रात्री दुसरी डिस्क असती आणि पहिल्या डिस्कची वायर मी काढून ठेवली असती, तर मला कितीही झोप आली असती तरी दाजींचा डेटा पुसताच आला नसता.

सी आणि डी ही दोन घरं नाहीत

आपल्याकडे एक पक्का समज आहे. "डेटा डी ड्राइव्हमध्ये आहे, सेफ आहे." मित्रांनो, सी, डी, ई ही एकाच डिस्कवर मारलेली प्लायवूडची पार्टिशनं आहेत. दुकानात पार्टिशन टाकून मागं गोडाऊन केलं, म्हणून आग लागल्यावर गोडाऊन वाचतं का? डिस्क बिघडली की सी, डी, ई तिन्ही एकदम जातात.

एकाच डिस्कवर दोन सिस्टिम ठेवल्या की आणखी तीन भानगडी होतात.

पहिली भानगड बूटची. कॉम्प्युटर चालू झाला की कुठली सिस्टिम उठवायची, हे सांगणारा एक छोटा प्रोग्रॅम असतो. नव्या पद्धतीच्या कॉम्प्युटरमध्ये तो डिस्कवरच्या एका लहानशा ईएफआय भागात राहतो. एकाच डिस्कवर दोन्ही सिस्टिम असल्या की दोघींची चावी एकाच खुंटीला टांगलेली. एखादी सिस्टिम दुरुस्त करताना, नव्यानं टाकताना किंवा मोठा अपडेट आल्यावर त्या खुंटीवर गडबड झाली, तर दुसरीही उठत नाही. घरी रविवारी असं झालं तर गंमत वाटते. दुकानात सोमवारी सकाळी गिऱ्हाईक उभं असताना झालं तर?

दुसरी भानगड जागेची. आज वाटतं विंडोजला १५० जीबी पुरे. दोन वर्षांनी पुरत नाही. मग पार्टिशन लहानमोठं करणं आलं. भरलेल्या डिस्कवर भिंती सरकवणं म्हणजे माणसं घरात असताना खांब काढण्यासारखं आहे.

तिसरी भानगड मागे फिरण्याची. समजा सहा महिन्यांनी तुम्हाला लिनक्स नकोसं झालं. वेगळ्या डिस्कवर असेल तर डिस्क काढायची, विषय संपला. विंडोजला कळतही नाही. एकाच डिस्कवर असेल, तर आधी बूट दुरुस्त करा, मग पार्टिशन काढा, मग जागा जोडा. म्हणजे पुन्हा १७ तारखेची रात्र.

कुठलाही नवा प्रयोग धंद्यात करताना मी नेहमी एक प्रश्न विचारायला सांगतो. "हे जमलं नाही, तर मी परत कसा येणार?" वेगळी डिस्क म्हणजे परतीचं तिकीट आधीच काढून ठेवणं.

बसवायचं कसं? आधी वायर काढा

आता कामाचं बोलू. डेस्कटॉप असेल तर सोपं आहे. बहुतेक मदरबोर्डवर साटाच्या चार तरी जागा असतात. अडीच इंची साटा एसएसडी घ्या. लिनक्ससाठी २४० किंवा २५६ जीबीची भरपूर होते. एक डेटा केबल, एक पॉवर केबल, झालं.

क्रम मात्र असाच पाळा.

१. आधी टॅलीचा आणि महत्त्वाच्या फायलींचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या. तो दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. उघडला तरच तो बॅकअप.

२. विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे का बघा. चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून तिजोरीत ठेवा. बायोसमध्ये काही बदललं की विंडोज ही की मागू शकतं. ती नसेल तर डिस्क समोर असूनही डेटा मिळत नाही.

३. कॉम्प्युटर पूर्ण बंद करा, मागची वायर काढा आणि विंडोजच्या डिस्कची केबल काढून बाजूला ठेवा. डिस्क मदरबोर्डवर बसणारी एम डॉट टू असेल तर स्क्रू काढून ती बाहेर घ्या.

४. आता नवी एसएसडी जोडा आणि पेन ड्राइव्हवरून लिनक्स बसवा. कॉम्प्युटरमध्ये एकच डिस्क आहे, त्यामुळे "डिस्क पूर्ण पुसून बसवा" हा एरवी घाम फोडणारा पर्याय इथं बिनधास्त निवडा.

५. लिनक्स नीट सुरू होतं, इंटरनेट चालतं, प्रिंटर चालतो, एवढं बघा. मग पुन्हा बंद करून विंडोजची डिस्क जोडा.

काही जण म्हणतात, "दोन्ही डिस्क जोडलेल्या राहू द्या, बसवताना फक्त दुसरी निवडा, काम झालं." हे अर्धसत्य आहे. काही इन्स्टॉलर सिस्टिम दुसऱ्या डिस्कवर टाकतात, पण बूटचा तो छोटा प्रोग्रॅम पहिल्या डिस्कवरच्या ईएफआय भागातच ठेवून देतात. वरून दिसायला दोन डिस्क, आतून खुंटी पुन्हा एकच. मग एक दिवस विंडोजची डिस्क बिघडते आणि लिनक्सही उठत नाही. केबल काढलेली असेल तर हा प्रश्नच येत नाही. पाच मिनिटांचं काम आहे. आळस करू नका.

लिनक्समध्ये कुठलं घ्यावं? पहिल्यांदा वापरणाऱ्याला मी लिनक्स मिंट सुचवतो. खाली पट्टी, कोपऱ्यात मेनू, त्यामुळे विंडोजची सवय असलेला माणूस गोंधळत नाही. मिंट २२ ची मालिका उबुंटू २४.०४ वर बेतलेली आहे आणि तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. पैसे लागत नाहीत आणि चोरीचंही नाही. क्रॅक केलेलं विंडोज किंवा ऑफिस वापरणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचा. ज्या माणसानं तुम्हाला फुकटात कुलूप फोडून दिलं, त्यानं आत काय ठेवलंय हे तुम्हाला माहीत नाही. त्याच कॉम्प्युटरवर तुम्ही बँक उघडता.

बसवल्यानंतर चार गोष्टी विसरू नका

*बूट मेनूची कळ.* दोन्ही डिस्क स्वतंत्र आहेत, त्यामुळे कॉम्प्युटर चालू करताना कळ दाबून डिस्क निवडायची. डेल आणि लेनोवोमध्ये सहसा एफ १२, एचपीमध्ये एफ ९, असूसच्या डेस्कटॉप बोर्डावर एफ ८, एमएसआयमध्ये एफ ११. आपल्याकडची कळ कागदावर लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवा. रोज जास्त वापरता ती डिस्क बायोसमध्ये पहिल्या नंबरला ठेवा, म्हणजे कळ क्वचितच लागेल.

*फास्ट स्टार्टअप बंद करा.* विंडोजमध्ये शटडाऊन केलं तरी ते पूर्ण बंद होत नाही. पुढच्या वेळी लवकर उठता यावं म्हणून अर्धवट झोपतं. अशा वेळी लिनक्समधून त्या डिस्कवर काही लिहिलं तर फायली बिघडू शकतात. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ही खूण काढून टाका.

*घड्याळ.* ही गंमत नीट समजून घ्या, कारण यात हिशेबाचा प्रश्न आहे. विंडोज कॉम्प्युटरच्या आतल्या घड्याळात भारतीय वेळ ठेवतं. लिनक्स तिथं जागतिक प्रमाणवेळ ठेवतं. त्यामुळे लिनक्समधून विंडोजमध्ये आलात की घड्याळ साडेपाच तास मागे दिसतं, ते इंटरनेटवरून वेळ जुळवेपर्यंत तसंच राहतं. आणि आपण विंडोजचं इंटरनेट बंद ठेवणार असू, तर जुळणारच नाही! किराणा दुकानदाराला फार फरक पडणार नाही. पण फुलवाला, दूधवाला, भाजीचा आडत्या यांची बिलं पहाटे चार-पाचला सुटतात. घड्याळ साडेपाच तास मागे म्हणजे बिलावर कालची तारीख! आणि तो दिवस १ एप्रिल असेल, तर बिल सरळ मागच्या आर्थिक वर्षात. उपाय सोपा आहे. लिनक्सला एकदा सांगून ठेवायचं, आतल्या घड्याळात स्थानिक वेळच ठेव म्हणून. एका ओळीची आज्ञा आहे, व्हिडिओत पडद्यावर करून दाखवली आहे.

*विंडोजमधून लिनक्सची डिस्क दिसू देऊ नका.* विंडोजला लिनक्सची डिस्क वाचता येत नाही. डिस्क मॅनेजमेंटमध्ये ती अनोळखी भाग म्हणून दिसते आणि एखादा हौशी पोरगा "ही रिकामी दिसतेय" म्हणून उडवून टाकतो. तिथंच त्या डिस्कवर राइट क्लिक करून ती ऑफलाइन करा. लिनक्सला काही फरक पडत नाही, विंडोजचा हात मात्र तिथं सहज पोचत नाही.

कुठलं काम कुठल्या बाजूला?

आता माझं खरं मत सांगतो. दोन सिस्टिम ठेवायच्या त्या हौसेसाठी नाही. कामाची वाटणी करण्यासाठी. गल्ल्याची चावी आणि गोडाऊनची चावी आपण एकाच पोराच्या हातात देत नाही. तसंच हे.

विंडोजच्या बाजूला ठेवा टॅली, डीएससीचा टोकन, सीएंनी दिलेली खास सॉफ्टवेअर, आणि पत्रिका-बॅनरवाले असाल तर कोरल आणि जुने मराठी फॉन्ट. टॅली मुळात विंडोजसाठी बनलेली आहे. लिनक्सवर ती ओढूनताणून चालवणारे आहेत, पण हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर असे प्रयोग करू नयेत. विंडोज १० असेल, तर या बाजूला इंटरनेट फक्त लायसन्स आणि अपडेटपुरतं. ईमेल नाही, व्हॉट्सअॅप नाही, यूट्यूब नाही. माझं चॅनलसुद्धा नाही!

लिनक्सच्या बाजूला ठेवा नेट बँकिंग, ईमेल, व्हॉट्सअॅप वेब, पोर्टलवरची कामं, पत्रं, कोटेशन. जीएसटीचं पोर्टल ब्राउझरमध्येच चालतं. एकट्याच्या मालकीचा धंदा असेल तर ओटीपीवर आधारित ईव्हीसीनं रिटर्न भरता येतं. कंपनी किंवा एलएलपी असेल तर डीएससी लागते, मग तेवढ्यापुरतं विंडोजमध्ये जायचं. मराठी टायपिंगसाठी युनिकोड इनस्क्रिप्ट लिनक्समध्ये मिळतं, पैसे लागत नाहीत.

बँकिंगसाठी वेगळी सिस्टिम हा सल्ला माझ्या डोक्यातून निघालेला नाही. २००९ मध्ये अमेरिकेत ब्रायन क्रेब्ज हे पत्रकार वॉशिंग्टन पोस्टसाठी लिहीत होते. छोट्या धंद्यांच्या खात्यातून व्हायरसच्या मदतीनं पैसे उडवल्याच्या बातम्या त्यांनी दिल्या आणि लोकांना सांगितलं की बँकेचं काम विंडोजमधून करू नका, लिनक्सच्या सीडीवरून कॉम्प्युटर चालू करून करा. आज सीडी गेली, एसएसडी आली. मुद्दा तोच आहे. जिथं कुणीही पाठवलेली फाइल उघडली जाते, तिथून बँक उघडू नये.

एक सावधगिरी. लिनक्समधून विंडोजची डिस्क वाचता येते. रिटर्नची फाइल उचलण्यापुरतं ते ठीक. पण टॅलीच्या डेटा फोल्डरला तिकडून हात लावायचा नाही. हवं तर ने-आण करायला एक पेन ड्राइव्ह वेगळा ठेवा.

कुणी या भानगडीत पडू नये?

सगळ्यांनी करा, असं मी म्हणणार नाही.

ज्यांचं दिवसभराचं काम विंडोजच्याच सॉफ्टवेअरवर आहे, त्यांना दिवसातून दहा वेळा कॉम्प्युटर बंद-चालू करणं परवडणार नाही. फ्लेक्सवाल्यानं, डीटीपीवाल्यानं सरळ नवा कॉम्प्युटर घ्यावा. जुन्यावर लिनक्स टाकून तो बँकेसाठी बाजूला ठेवावा. खरं सांगायचं तर दोन वेगळे कॉम्प्युटर हे दोन डिस्कपेक्षाही चांगलं.

ज्यांच्याकडे लॅपटॉप आहे, त्यांनी आधी खालचं झाकण उघडून बघावं किंवा जाणकाराला दाखवावं. काहींमध्ये दुसऱ्या डिस्कची जागा असते, जुन्यांमध्ये डीव्हीडीच्या जागी बसवता येते, पण पुष्कळ नव्या बारीक लॅपटॉपमध्ये एकच जागा असते. तिथं बाहेरच्या यूएसबी एसएसडीवर लिनक्स बसवता येतं. "एवढ्यासाठी पार्टिशन करतो" हे मात्र नको.

आणि ज्यांच्या दुकानात कॉम्प्युटर तीन-चार माणसं वापरतात, त्यांनी आधी त्या माणसांना शिकवावं. मालकाला येतं आणि पोरांना येत नाही, अशी सिस्टिम महिनाभरात बंद पडते. लिनक्सच्या नावानं बोटं मोडली जातात ती वेगळीच.

दुसरी डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं. वेगळ्या डिस्कवर सिस्टिम टाकली, म्हणजे डेटा सुरक्षित झाला असं समजू नका. दोन्ही डिस्क एकाच डब्यात आहेत, एकाच वायरवर आहेत. वीज कडाडली, पावसाचं पाणी शिरलं, कुणी डबाच उचलून नेला, तर दोन्ही जाणार.

जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेब त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपायचे असतात. सहा वर्षं. तोवर तुमच्याकडचा कॉम्प्युटर टिकेल का, विचार करा. म्हणून टॅलीचा बॅकअप आठवड्याला बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि ती डिस्क घरी न्या. आणखी एक प्रत ऑनलाइन ठेवा. आणि उधारीची यादी? ती दर महिन्याच्या १ तारखेला कागदावर छापून फाइलला लावा. हसू नका. वीस पानं लागतील. कागदाला व्हायरस लागत नाही आणि रात्री दीड वाजता कुणी तो चुकून फॉरमॅट करत नाही.

दाजींच्या दुकानात आज दोन डिस्क आहेत. दुसरी मीच बसवली, या वेळी दिवसाउजेडी, पहिलीची केबल काढून त्यांच्याच हातात देऊन. काम होईपर्यंत ते ती हातात धरून बसले होते. मॉनिटरच्या कडेला बूट मेनूच्या कळीचा कागद आहे. आणि गल्ल्याखाली ती लाल वही परत आली आहे. मी तिच्याबद्दल आता काही बोलत नाही.

तर मित्रांनो, या रविवारी दुकान बंद असेल तेव्हा एवढंच करा. कॉम्प्युटरचा डबा उघडा, आतली धूळ झाडा आणि दुसऱ्या डिस्कला जागा आहे का बघा. त्याआधी एक बॅकअप घ्या. आणि महिन्याच्या १७ ते २० तारखेच्या दरम्यान यातलं काहीही करू नका.

पुढच्या व्हिडिओत भेटू. तोपर्यंत धंदा जोरात करा, पण डेटा जपून!